सरासरीनं झोप मोडत नाही

मुंबईच्या विमानतळावर धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. त्या एका पट्टीच्या जोरावर रोज नऊशेहून अधिक विमानं चढतात-उतरतात. वारा बराच काळ पश्चिमेचा असतो आणि विमान वाऱ्याच्या समोरूनच चढतं-उतरतं. म्हणून उतरणारी विमानं घाटकोपर-कुर्ल्यावरून येतात आणि उडणारी विलेपार्ले-जुहूवरून समुद्राकडे जातात. या पट्ट्यात राहणाऱ्यांचं गाऱ्हाणं जुनं आहे आणि त्याला मिळणारं उत्तरही जुनंच आहे: आवाज मर्यादेत आहे.

गाऱ्हाणंही खरं आणि उत्तरही खरं, असं कसं होतं, ते समजून घेण्यासाठी हा संवाद रचला आहे. बोलणारी माणसं दोन. एक कुर्ला पश्चिमेला राहणाऱ्या, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. दुसरा त्यांचाच जुना विद्यार्थी, आता ध्वनिमापनाचं काम करणारा अभियंता. माणसं काल्पनिक आहेत. त्यांच्या बोलण्यातले नियम, अभ्यास आणि हिशेब मात्र काल्पनिक नाहीत.

अभियंता: बाई, तुमच्या गच्चीवर मीटर लावायची परवानगी द्या. आठ-पंधरा दिवस राहू दे.

बाई: लाव की. पण मोजायचं काय उरलंय? फोनवर बोलताना दर थोड्या वेळानं ‘थांब, विमान जाऊ दे’ म्हणावं लागतं. वर्गात असताना फळ्याकडे तोंड करून गप्प उभी राहायचे मी, ते पलीकडे जाईपर्यंत. एवढं मोजमाप पुरत नाही का?

अभियंता: तुम्हाला पुरतं. सरकारदरबारी पुरत नाही. तिथे आकडा लागतो, आणि तो कसा काढला हे कुणी विचारलं तर सांगताही यावं लागतं. मोबाइलच्या ॲपवर ‘९२’ दिसलं म्हणून अर्ज केला, तर पहिल्याच सुनावणीत तो बाद होईल.

बाई: मग तुझं यंत्र वेगळं काय करतं?

अभियंता: पहिल्या दर्जाचा मीटर असतो. मायक्रोफोन उंच काठीवर बसवायचा, भिंतीपासून आणि पाण्याच्या टाकीपासून लांब, कारण तिथून आपटून येणारा आवाज आकडा फुगवतो. वाऱ्याची सळसळ लागू नये म्हणून त्यावर स्पंजची टोपी. सुरू करण्याआधी मायक्रोफोनवर एक छोटी डबी चढवायची. ती ठरावीक ९४ डेसिबलचा एकच सूर काढते. मीटरनंही ९४च दाखवलं पाहिजे. काम संपल्यावर पुन्हा तीच परीक्षा. दोन्ही वेळा जुळलं नाही तर मधली सगळी नोंद टाकून द्यायची. मुसळधार पावसाचे आणि सोसाट्याच्या वाऱ्याचे तास वगळायचे.

बाई: आणि माझ्या गल्लीतल्या रिक्षा, भोंगे, वरातीतले फटाके? तेही विमानाच्या नावावर जातील.

अभियंता: म्हणून तर प्रत्येक सेकंदाची नोंद ठेवायची. विमान आलं की आलेख हळूहळू चढतो, माथ्यावर जातो, हळूहळू उतरतो. फटाका एकदम उसळतो आणि एकदम पडतो. वर विमानांच्या मार्गाची नोंद असतेच. कोणतं विमान किती वाजता, किती उंचीवरून गेलं ते तिच्याशी ताडून पाहायचं. जुळलं तरच तो चढ विमानाचा. हे केलं नाही, तर तुमचं म्हणणंही सिद्ध होत नाही आणि विमानतळाचंही.

बाई: बरं, जुळवलंस. मग?

अभियंता: मग दिवसाची आणि रात्रीची सरासरी काढायची. सकाळी ६ ते रात्री १० दिवस, उरलेली रात्र. ही साधी बेरीज-भागाकाराची सरासरी नव्हे, ध्वनीच्या ऊर्जेची सरासरी. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं जून २०१८मध्ये विमानतळाच्या आवाज-क्षेत्रासाठी वेगळी मानकं काढली. वर्षाला पन्नास हजारांहून जास्त उड्डाण-अवतरणं असलेल्या विमानतळाला दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबल. बाकीच्यांना ६५ आणि ६०.

बाई: थांब. राहत्या वस्तीला रात्री ४५ची मर्यादा आहे ना? आमच्या शाळेत ध्वनिप्रदूषणाचा तक्ता लावला होता, त्यात होती.

अभियंता: हो, २०००च्या नियमांत. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५.

बाई: म्हणजे माझं घर निवासी, मी निवासी, आणि माझ्या डोक्यावरचा आवाज वीस डेसिबलनं वेगळ्या कायद्याचा?

अभियंता: वीस डेसिबल म्हणजे शंभरपट ध्वनिऊर्जा. कानाला ते साधारण चौपट मोठं वाटतं. पण बाई, याची दुसरी बाजू पाहा. विमानतळाच्या कुंपणाला लागून ४५ची मर्यादा घातली, तर ती कागदावरच राहील. पाळता न येणारा नियम कुणाचंच रक्षण करत नाही. ६५ची मर्यादा निदान ओलांडली तर पकडता तरी येते.

बाई: मग सांग, ६५च्या आत राहून एका रात्री माझ्यावरून किती विमानं जाऊ शकतात?

अभियंता: हिशेब करू. एका विमानाचा येण्यापासून जाण्यापर्यंतचा सगळा आवाज एका सेकंदात दाबून भरला, तर जो आकडा येतो त्याला आम्ही ध्वनिसंपर्क पातळी म्हणतो. समजा ती ९० आहे. म्हणजे विमान माथ्यावर असताना आवाज ८०च्या आसपास. आता रात्रीच्या आठ तासांत अशी ८० विमानं गेली, तर त्यांची सरासरी येते ६४.४.

बाई: म्हणजे नियमात बसतं?

अभियंता: विमानांपुरतं पाहिलं, तर बसतं.

बाई: आठ तासांत ८० विमानं म्हणजे दर सहा मिनिटांना एक. माणसाला झोप लागायलाच दहा-पंधरा मिनिटं लागतात. रात्रभर ज्याला सलग झोप मिळत नाही त्याला तुझा कागद सांगतो, सगळं ठीक आहे. अरे, सरासरीनं कुणाची झोप मोडत नाही. झोप मोडते ती एकेका विमानानं.

अभियंता: हा मुद्दा मान्य. आणखी एक सांगतो, तुमच्याच बाजूचं. त्या ८०ची ४० विमानं केली तर सरासरी फक्त ३ डेसिबलनं उतरते. तुमची झोप निम्म्यानं कमी वेळा मोडेल, पण अहवाल वाचणाऱ्याला काही बदललंय असं वाटणारही नाही.

बाई: मग ही सरासरी हवीच कशाला?

अभियंता: हवी, कारण शरीरावर वर्षानुवर्षं होणारा परिणाम तिच्याशीच ताडून पाहिला गेलाय. हीथ्रो, स्किपोल, अथेन्स वगैरे युरोपातल्या सहा विमानतळांभोवती ‘हायना’ नावाचा अभ्यास झाला. २००८ साली त्याचे निष्कर्ष आले. रात्रीचा विमानांचा सरासरी आवाज १० डेसिबलनं वाढला की उच्च रक्तदाबाची शक्यता सुमारे १४ टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या युरोपसाठीच्या मार्गदर्शनात विमानांचा रात्रीचा आवाज ४०च्या खाली ठेवायला सांगितलंय. ४०वरच शंभरातल्या अकराजणांची झोप गंभीरपणे बिघडते, या हिशेबावर. सरासरी टाकून दिली तर हा सगळा पुरावा हातातून जातो.

बाई: मग दोन्ही ठेव. सरासरी डॉक्टरांसाठी, आणि मोजदाद माझ्यासाठी.

अभियंता: तशी पद्धत आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीला विमानांच्या आवाजावरून वाद झाला, त्यानंतर सरकारनं ती पुढे आणली. ‘एन ७०’ म्हणतात. एखाद्या जागी ७० डेसिबलच्या वर किती वेळा आवाज गेला, एवढंच ती सांगते. घराबाहेर ७० असलं की खिडकी उघडी असताना आत साधारण ६० उरतात, आणि तेवढ्यात बोलणं तुटतं, म्हणून ७०. सामान्य माणसाला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही.

बाई: ‘काल रात्री ५३ वेळा’ असा आकडा रोज लिहून लाव. बघ, लोक वाचतात की नाही.

अभियंता: लावावा. पण बाई, आता माझंही ऐका. तुमच्या गल्लीत मीटर लावला तर दिवसभर लालबहादूर शास्त्री मार्गाचा आवाजही त्यात येणार. बेस्टच्या बसपासून टँकरपर्यंत. विमान गेलं की सगळे वर बघतात, हॉर्नकडे कुणी बघत नाही. शहराच्या गोंगाटाचा सगळा दोष एकाच्या माथी मारणं बरोबर नाही. आणि विमानतळ आधीचा आहे, वस्ती त्याच्याकडे सरकत गेली. हेही खरंच ना?

बाई: अर्धं खरं. जरीमरीच्या बाजूला कुंपणाला टेकून झोपड्या उभ्या राहिल्या, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण कुर्ला विमानतळाच्या मागून आलेलं नाही. जमशेटजी टाटांनी इथली बंद पडत आलेली गिरणी घेऊन स्वदेशी मिल काढली ती १८८६ साली. तेव्हा विमान नावाची वस्तू जगात नव्हती. सांताक्रूझचा तळ १९३०च्या दशकातला. एअर इंडियाची जेट विमानं आली १९६०मध्ये. आवाज आमच्याकडे चालत आला, आणि वाढत गेला. आणि कुंपणाशी जो राहतो तो हौसेनं राहत नाही. स्वस्त जागा तेवढीच उरली म्हणून राहतो. मागून आला म्हणून त्याच्या मुलाला झोप लागत नाही, असं आहे का?

अभियंता: नाही. म्युनिकमध्ये हेच तपासलं गेलं. १९९२ साली तिथला जुना विमानतळ बंद झाला, नवा दुसरीकडे सुरू झाला. संशोधकांनी दोन्हीकडच्या शाळकरी मुलांची चाचणी बदलाआधी आणि बदलानंतर घेतली. जुन्या जागेजवळच्या मुलांचं वाचन आणि स्मरण सुधारलं, नव्या जागेजवळच्यांचं घसरलं.

बाई: सुधारलं म्हणालास, ते महत्त्वाचं. म्हणजे नुकसान भरून येतं. मग शाळांपासून सुरुवात का करत नाही?

अभियंता: करायला हवी. उपायांची एक ठरलेली मांडणी आहे. आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटनेनं २००१मध्ये ती स्वीकारली. आधी विमानच कमी आवाजाचं करा, मग जमिनीचा वापर आखा, मग उडण्या-उतरण्याची पद्धत बदला, आणि शेवटी बंधनं घाला. पहिल्या पायरीवर बरंच झालंय. नव्या इंजिनांची ए३२०निओ विमानं जुन्यांपेक्षा शांत आहेत, आणि मुंबईत ती मोठ्या संख्येनं आहेत. कधी कधी तर क्षुल्लक दुरुस्तीही पुरते. जुन्या ए३२०च्या पंखांखाली इंधनटाकीचा दाब सोडणारी गोल भोकं असतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की जशी शीळ निघते, तशी त्या भोकांवरून वारा गेला की निघते. लुफ्तान्सानं २०१४पासून भोकांपुढे धातूची लहानशी पट्टी बसवली. उतरतानाच्या काही टप्प्यांवर ४ डेसिबलपर्यंत फरक पडला.

बाई: पट्टी बसवायला धावपट्टी हलवावी लागत नाही.

अभियंता: नाही. पण पद्धत बदलून कुर्ल्याला फारसं मिळणार नाही, हे स्पष्ट सांगतो. विमान तीन अंशांच्या उतारानं येतं. टेकण्याच्या जागेच्या १ किलोमीटर मागे ते सुमारे ५२ मीटरवर असतं, ४ किलोमीटर मागे २१० मीटरवर. सलग उताराची जी नवी पद्धत आहे तिचा फायदा लांबच्या गावांना होतो. इथे विमान त्या उतारावर आधीच आलेलं असतं. फ्रँकफर्टला एका पट्टीवर ३.२ अंशांचा उतार ठेवलाय. तोच इथे ठेवला तर ४ किलोमीटरवर विमान १४ मीटर वर जाईल. नुसत्या अंतरामुळे आवाज अर्ध्या डेसिबलनं उतरेल. कानाला कळणारही नाही.

बाई: म्हणजे आमच्यासाठी उरलं काय? घर बंद करून बसा?

अभियंता: तेही इथे चालत नाही. लंडनमध्ये दुहेरी काचा बसवून देतात, कारण तिथे खिडक्या बंदच असतात. मुंबईत मे महिन्यात खिडकी बंद करा म्हणणं म्हणजे एसी घ्या म्हणणं. आणि वर पत्रा असेल तर खिडकीला काच कितीही जाड लावा, आवाज छपरातून येतो. म्हणून मी म्हणतो, घराघराचा नाद आधी सोडा. शाळा, दवाखाने, बालवाड्या घ्या. तिथे छताला आतून आवाज शोषणारं अस्तर, जाड काच, आणि खिडकी बंद असताना हवा खेळती ठेवणारे पंखे. हे सगळं एका अर्थसंकल्पात बसणारं काम आहे.

बाई: आणि पैसे?

अभियंता: विमानतळ उतरण्याचं शुल्क घेतोच. हीथ्रो आणि फ्रँकफर्ट जास्त आवाजाच्या विमानाला जास्त शुल्क लावतात. इथेही तसं लावा, रात्री आणखी जास्त. तो पैसा वेगळ्या खात्यात ठेवून याच पट्ट्यात खर्च करा. कंपन्या आपोआप रात्री शांत विमानं पाठवतील.

बाई: माझ्याकडे एक सूचना आहे. आमची इमारत फनेल झोनमध्ये, म्हणजे विमानमार्गाखालच्या उंचीबंदीच्या पट्ट्यात येते. पुनर्विकासाची फाइल किती वर्षं अडकलीये, कारण विमानतळ प्राधिकरणाचा उंचीचा दाखला. किती मीटरपर्यंत बांधायचं ते ते समुद्रसपाटीपासून मोजून देतात. विमानाला आमचा अडथळा होऊ नये म्हणून आमची उंची इतकी नेमकी मोजता येते. मग विमानाचा आम्हाला किती त्रास होतो, ते त्याच फाइलमध्ये का येत नाही?

अभियंता: यायला हवं. हे मी माझ्या अहवालात घालीन. उंचीच्या दाखल्यासोबत आवाजाचा दाखला. इथे रात्रीची सरासरी किती, ७०च्या वर किती वेळा. आणि त्यावर बांधकामाच्या अटी: झोपायच्या खोल्या विमानमार्गाच्या आडबाजूला, वरच्या मजल्याच्या छताला जादा थर, ठरावीक जाडीच्या काचा. पुनर्विकासात हे केलं तर खर्च बिल्डरच्या एकूण हिशेबात मिसळून जातो. नंतर करायचं म्हटलं तर गरिबाच्या खिशातून जातो.

बाई: आता रात्रीचं बोल. ते टाळू नकोस.

अभियंता: टाळत नाही. फ्रँकफर्टला २०११पासून रात्री ११ ते पहाटे ५ विमानं बंद आहेत. सिडनीला ११ ते ६ बंदी आहे, १९९५च्या कायद्यानं. मुंबईत तसं करणं मला शक्य वाटत नाही. युरोपात सकाळी पोचणारी विमानं इथून मध्यरात्रीनंतरच निघतात. आखातात कामाला जाणारा माणूसही रात्रीच उडतो, तो याच वस्तीतला असतो. माल जातो, औषधं जातात.

बाई: म्हणजे त्यांच्या सकाळसाठी आमची रात्र. त्यांच्याकडे रात्री विमान उतरत नाही, कारण तिथल्या माणसाची झोप कायद्यात लिहिलेली आहे. आमची लिहिलेली नाही, एवढाच फरक. मी सगळी रात्र मागत नाही. रात्री १२ ते ५ एवढी तरी सलग दे.

अभियंता: पाच तास पूर्ण बंद ठेवा, असं मी म्हणणार नाही. पण कोटा शक्य आहे. हीथ्रोला रात्रीच्या उड्डाणांची वार्षिक संख्या आणि आवाजाचे गुण दोन्ही बांधून दिलेले आहेत. आणि आता एक नवी गोष्ट झालीये. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५मध्ये सुरू झाला. आजवर ‘दुसरा पर्यायच नाही’ हे उत्तर होतं. ते उत्तर आता संपलं. रात्रीची काही वाहतूक तिकडे नेता येईल.

बाई: आणि तिकडच्या उलव्याच्या, पनवेलच्या माणसाची झोप मोडेल. माझी पीडा दुसऱ्याच्या दारात टाकून मला झोप नको.

अभियंता: म्हणूनच तिकडे घाई आहे. कुर्ल्यात जमीन आखायची वेळ निघून गेली. तिथे अजून आहे. विमानमार्गाखाली शाळा आणि रुग्णालयांना परवानगी द्यायची नाही, गोदामं आणि कार्यालयं तिथे न्यायची, आवाजाचा नकाशा फ्लॅट विकताना करारनाम्याला जोडायचा. हे आत्ता नाही केलं तर वीस वर्षांनी तिथली एखादी बाई तुमचंच बोलणं बोलेल.

बाई: मग मीटर दोन लाव. एक माझ्या गच्चीवर, एक उलव्यात.

इथे संवाद थांबवतो. रात्रीच्या बंदीवर दोघांचं एकमत होत नाही आणि ते होईल असं भासवणं बरोबर नाही. पण ज्या गोष्टींवर दोघं एक आहेत त्या थोड्या नाहीत, आणि त्यांतल्या बहुतेकींना नवा कायदाही लागत नाही. मुंबई आणि नवी मुंबई या दोन्ही विमानतळांच्या मार्गांखाली कायमचे मीटर बसवा. सरासरीबरोबर ‘काल रात्री किती वेळा’ हा आकडा प्रभागवार, मराठीत, रोज जाहीर करा. हीथ्रो आणि सिडनीला नागरिक घरबसल्या कोणतं विमान कुठून गेलं ते पाहू शकतात. आपल्यालाही ते पाहता आलं पाहिजे. उंचीच्या दाखल्याला आवाजाचा दाखला जोडा. आवाजानुसार शुल्क लावून पहिला पैसा महापालिकेच्या शाळांवर खर्च करा.

या लेखकाचं मत बाईंच्या बाजूचं आहे. ज्या नियमात दर सहा मिनिटांनी जाणारं विमान बसतं, तो नियम विमानतळ चालवण्यासाठी केलेला आहे, माणसाच्या झोपेसाठी नाही. ६५ची मर्यादा अपुरी आहे, आणि रात्री किती वेळा आवाज व्हावा याची मर्यादा तिच्याशेजारी लिहिली गेलीच पाहिजे. फनेल झोनमधल्या प्रत्येक सोसायटीनं पुढच्या सर्वसाधारण सभेत एवढाच ठराव करावा: आमच्या गच्चीवर मीटर बसवायला आमची संमती आहे, आणि त्याचा आकडा आम्हाला रोज मिळाला पाहिजे.